तुंगाक्का आणि पूर्वेचा जोंडू

माझी थोरली बहीण तुंगा पासष्टीला आली, पण तिने एका जागी बसून कॉफीचा पेला संपवलेला मी अजून पाहिलेला नाही. दोन घोट स्वयंपाकघरात, दोन जिन्यात, उरलेली गच्चीवर, आणि मग पेला कुठे राहिला म्हणून सगळ्या घराला कामाला लावणार. आम्ही म्हैसूरला कुवेंपुनगरात राहतो. खाली मी, माझा मुलगा साकेत आणि सून अन्विता. वरच्या दोन खोल्यांत अक्का. मी महादेवराव, भूमापन खात्यातला निवृत्त कारकून. चौतीस वर्षं एका खुर्चीत बसून काढली. तिला माझ्या बसण्याचा राग येतो आणि मला तिच्या फिरण्याचा.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. अक्काचं म्हणणं, तेच रक्त अंगात आहे, म्हणून पाय थांबत नाहीत. मी तिला सांगतो, स्वाराचं रक्त असतं तर निदान खोगिरावर तरी बसली असतीस. तुझ्यात घोड्याचं आलंय.

अक्काचा जन्म म्हैसूरच्याच नजरबादचा, लग्नही तिथल्याच दत्तोजीरावांशी झालं. ते बस डेपोत मेकॅनिक होते, शांत माणूस. हिच्यामागे धावायचं नाही हे त्यांनी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं आणि ते पाळलं. ते अचानक गेले तेव्हा अक्का एक्केचाळीसची होती. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर हिने काय केलं नाही ते विचारा. शिवणकाम, लोणची, बालवाडी, मग नंजनगूडच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम. रोज सकाळच्या गाडीने जाणं, संध्याकाळच्या बसने येणं. एके दिवशी बस रस्त्यात बंद पडली. बाकीचे लोक दुसऱ्या बसची वाट बघत झाडाखाली उभे राहिले. ही उभी राहील तर तुंगा कसली? चालत सुटली. वाटेत एका तळ्याच्या काठी एक म्हातारी चटई विणत बसली होती. अक्का तिच्याजवळ थांबली ती अंधार पडेपर्यंत. घरी येऊन मला म्हणाली, "महादेवा, हात पळतात रे तिचे, आणि बाई बसलेली! हे मला बेकु." हवंच, म्हणजे हवंच. पुढच्या महिन्यात कारखाना सोडला.

त्याला आता बारा वर्षं होतील. इथे तळ्याला केरे म्हणतात. त्या तळ्याचं नाव काहीही असो, आमच्या घरी ती नुसती केरे. काठाने माणसापेक्षा उंच पाणकणीस उभं असतं, लांब हिरवी पाती आणि टोकाला तपकिरी कणीस. कन्नडात त्याला जोंडू म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणतो. म्हातारीकडून अक्का चटई शिकली आणि कंटाळली. "चटईवर लोक झोपतात," म्हणाली, "मला त्याचं काय कौतुक?" तिने टोपल्या सुरू केल्या. कांद्याबटाट्याच्या, कपड्यांच्या, शाली-गोधड्या ठेवायच्या, झाकणाच्या, बिनझाकणाच्या. पाती कापायची, गच्चीवर आठ-दहा दिवस वाळवायची, विणायच्या आधी ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायची, तिपेडी वेण्या घालायच्या आणि त्या वेण्या गोल गोल फिरवत दाभणाने शिवत जायचं. आधी बूड, मग अंग, मग काठ. आज तिच्याबरोबर अकरा बायका हे काम करतात. त्यातल्या बहुतेकींचं घर यावर चालतं. माझी गच्ची वर्षातले तीन-चार महिने माझी नसते, आणि शेजारी वासाबद्दल बोलायला माझ्याकडे येतात, तिच्याकडे जायची त्यांची छाती होत नाही.

कापायचं काम सिद्दराजू करतो. त्या म्हातारीचा मुलगा, आता पन्नाशीचा. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून विळा चालवतो. आमच्या संगतीत निम्मं मराठी शिकलाय. टोपली, ओलं, मोठं, बारीक, हे सगळं तो कन्नडाच्या मध्ये बेधडक घालतो, आणि अक्का तिच्या मराठीत कन्नड घालते. दोघं बोलायला लागली की पुण्याहून आलेली अन्विता माझ्या तोंडाकडे बघते.

जोंडू असाच सोडला तर सगळं पाणी गिळून टाकतो, आणि सगळाच कापला तर पाखरांना घर उरत नाही. म्हणून केरे राखणारी गावची एक समिती आहे, आणि अर्धी बाजू यंदा, अर्धी पुढच्या वर्षी, अशी परवानगी तिच्याकडून घ्यावी लागते. परवानगीचा अर्ज मीच लिहिला होता, झकास सरकारी कन्नडात. अक्काने त्यात स्वतःहून एक अट घालायला लावली. कापायच्या आधी काठीने जोंडू चाचपायचा, घरटं दिसलं तर लाल चिंधी बांधून चोहोबाजूंनी दहा हात जागा सोडायची, आणि आमच्या हातून घरटं मोडलं तर त्या वर्षीचं कापणं बंद. मी म्हटलं, अगं, कोणी मागितलं नाही ते कशाला लिहून देतेस? म्हणाली, "लिही रे सुम्ने." मी मुकाट्याने लिहिलं.

गेल्या डिसेंबरात बेंगळुरूच्या एका दुकानाने कमरेएवढ्या उंच टोपल्या मागितल्या. त्यांना लांब पाती लागतात, तुकडे जोडून चालत नाही. यंदा जोंडू आखूड. आठ दिवस घरात एकच शब्द. मोठे मिळाले का? मोठे कुठे आहेत? उत्तरेला मोठे नाहीत, पूर्वेला बघ म्हणावं. अक्का गच्ची, जिना, फाटक, परत गच्ची. मला स्वप्नातसुद्धा लांब पाती दिसायला लागली होती.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास तिचा फोन वाजला. अक्का गच्चीवर पाती उलटत होती, हात चिखलाचे. फोन अन्विताने घेतला आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. मी तिथेच पेपर वाचत होतो. सिद्दराजू पाण्यातून बोलत होता, वारा होता. "अक्का, पूर्वेला आलोय. इल्ली मोठे इदे. एनु माडली?" इथे मोठे आहेत, काय करू?

अन्विताने जिन्यातून वर हाक मारली, "आत्या, पूर्वेला मोठे आहेत म्हणतोय, काय करू विचारतोय!"

वरून अक्काचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "विचारतो काय? सगळे काप म्हणावं! एक पण सोडू नको!"

अन्विताने आपल्या नव्या कन्नडात तसंच्या तसं सांगितलं. सगळं कापा, एकही सोडू नका. तिकडून तो म्हणाला, "अक्का हेळिद्रा?" अक्का म्हणाल्या? "हो हो, अक्काच म्हणाल्या," अन्विता म्हणाली. मी पेपरचं पान उलटलं.

संध्याकाळी तो भारे घेऊन आला. अशी पाती मी बारा वर्षांत पाहिली नव्हती, सरळ आणि लांबसडक. अक्का खुशीत होती. पण सिद्दराजूने भारे टाकले, कॉफी नको म्हणाला आणि अक्काच्या तोंडाकडे न बघता निघून गेला. बुधवारी आला नाही. गुरुवारीही नाही. फोन बंद. अक्काने त्या दोन दिवसांत जिना किती वेळा झिजवला ते मोजायला माणूस ठेवावा लागला असता. बरं नसेल, मी म्हटलं. "बरं नसलं तरी तो कॉफी पितो," ती म्हणाली.

शुक्रवारी तिने मला ओढून नंजनगूडच्या बसमध्ये बसवलं. बसमध्येही ती उभीच. केरेवर पोचलो तर सिद्दराजू पूर्वेच्या काठावर नुसताच बसला होता, विळा नव्हता. समोर कापलेल्या जोंडूची खुंटं पाण्यावर दिसत होती. त्याने आम्हाला बघितलं आणि उठून बाजूच्या झुडपाखालचं गवत दूर केलं. आत चार अंडी होती, फिकट, तांबूस ठिपक्यांची. जांभळ्या पाणकोंबडीची.

"उचलून इथे ठेवली," तो कन्नडात म्हणाला. "ती दोन दिवस वरून फिरली. खाली उतरली नाही. आता थंड झालीत."

"पण कापलंस कसं? घरटं दिसलं नाही?" अक्काचा आवाज चढला.

त्याने तिच्याकडे असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली. "दिसलं, म्हणून तर फोन केला, अक्का. इल्ली मोट्टे इदे म्हटलं. दहा हात सोडले तर सगळा लांब जोंडूच सुटत होता, म्हणून विचारलं. नीवे हेळिद्री. तुम्हीच म्हणालात. सगळे काप, एक पण सोडू नको. मी मागून तुमचा आवाज ऐकला."

मोट्टे. कन्नडात मोट्टे म्हणजे अंडी.

पुण्याच्या मुलीने मोट्टेचं मोठे ऐकलं, तर तिचा काय दोष? तिला अंड्याचा कन्नड शब्द कुठून ठाऊक असणार? पण स्पीकरवर तो मीसुद्धा ऐकला होता. चौतीस वर्षं कन्नडात टिपणं लिहिली, बाजारात रोज मोट्टे मागतो, आणि मलाही मोठेच ऐकू आलं. आमच्या घराला एक कान मराठी आणि एक कन्नड. आठ दिवस मोठे मोठे करून आम्ही कन्नड कान बुजवून टाकला होता. त्या दुपारी तिथे उभा राहून मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

सिद्दराजूला सगळं सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. "मला वाटलं, मोठी ऑर्डर आहे, अक्का बदलल्या," एवढंच म्हणाला.

रविवारी श्रीहर्ष पाखरं मोजायला केरेवर गेला. हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, समितीचा चिटणीस आहे, दुर्बीण गळ्यात, माणूस सभ्य. त्याला तुडवलेलं घरटं दिसलं. दुपारी त्याचा अक्काला फोन आला. तो म्हणाला, सिद्दराजूने चूक कबूल केली आहे, त्याला घरटं दिसलं नाही, घाईत कापलं. ही चूक त्याची एकट्याची धरू, त्याला आता केरेत उतरू देणार नाही. पण तुमच्या बायकांचं काम थांबायला नको, तुम्ही दुसरा कापणारा बघा. बुधवारी बैठक आहे, तुम्ही या, नुसती सही लागेल.

म्हणजे सिद्दराजूने सगळं स्वतःवर घेतलं होतं. अक्काचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

त्यानंतरचे तीन दिवस देव कोणाला दाखवू नये. अक्काने हातात वेणी घ्यायची आणि टाकायची. रात्री वरच्या खोलीत तिच्या पावलांचा आवाज, पहाटे अंगणात. अन्विता रडून रडून लाल झाली होती. "मी जाऊन सांगते, आत्या. चूक माझी आहे, तुमच्यावर कशाला?" अक्का म्हणाली, "तू निरोप दिलास, बाळ. काप म्हणणारा आवाज माझा होता. सगळे काप म्हणताना मी काय कापायचं ते विचारलं का?"

मी मात्र कारकूनच. मी तिला समोर बसवलं, म्हणजे मी बसलो आणि ती फिरत राहिली, आणि हिशेबाने सांगितलं. तू बोललीस तर तुझीच अट तुला लागू होणार. कापणं वर्षभर बंद. डिसेंबर ते फेब्रुवारी, एवढेच कापायचे दिवस, त्यावर अकरा घरांचं वर्ष. तू गप्प राहिलीस तर एकटा सिद्दराजू बाहेर, आणि तोही स्वखुशीने. त्याला आपण दुसरं काम बघून देऊ. विषय संपला.

"संपला?" ती म्हणाली.

"अंडी परत येणार आहेत का?"

ती तशीच जिना चढून वर गेली. मला वाटलं, पटलं. बहिणीला साठ वर्षं ओळखूनही मी इतका खुळा.

बुधवारी ती अकराही बायकांना घेऊन निघाली, कशासाठी ते न सांगता. सुमित्राबाई तेवढी वाटेत विचारत राहिली. ही आमच्याच गल्लीतली, नवरा आजारी, जिभेला हाड नाही, आणि काठ विणण्यात सगळ्यांत तरबेज. "अगं, सहीला तू एकटी पुरे अल्वा, हो ना? आमची वरात कशाला?" अक्का म्हणाली, "बैठकीत कळेल."

बैठक केरेच्या बांधावर, पिंपळाच्या पारावर. समितीचे पाचजण, श्रीहर्ष आणि लांब उभा सिद्दराजू. श्रीहर्षने माझाच अर्ज वाचून दाखवला, मग सिद्दराजूचा कबुलीजबाब, आणि कागद सहीसाठी पुढे केला. अक्काने पेन हातात घेतलं. क्षणभर मला खरंच वाटलं, करते सही.

तिने पेन पारावर ठेवलं. "ह्यात लिहिलंय ते खोटं आहे," ती कन्नडात म्हणाली. "त्याला घरटं दिसलं होतं. त्याने मला फोन करून विचारलं. मी नीट ऐकलं नाही आणि सगळं काप म्हणून ओरडले. घरटं मी मोडलं."

सिद्दराजू लांबून हात हलवत पुढे आला. "नाही नाही, अक्का, तसं नाही, मी..."

"तू गप्प उभा राहा," अक्का म्हणाली. आणि मग श्रीहर्षकडे वळली. इतकं घाबरलेलं मी तिला दत्तोजीराव गेले तेव्हाच पाहिलं होतं. "तो पाण्यात उभा राहून मला विचारत होता, सर. जो विचारतो त्यालाच हाकललं, तर पुढच्या खेपेला अंडी दिसल्यावर कोण विचारेल? सगळे न विचारता कापतील. घरटं मोडलं तर कापणं बंद, हे मीच लिहून दिलंय. बंद करा. त्याला राहू दे."

मग मी उठलो. कशाला उठलो ठाऊक नाही, पाय उठले. म्हटलं, फोन स्पीकरवर होता, मीही ऐकला आणि मीही चुकीचं ऐकलं. अर्ज माझ्या हातचा आहे, अट काय आहे ते मला तोंडपाठ आहे. एवढं बोलून मी खाली बसलो.

समितीने बाजूला जाऊन बराच वेळ चर्चा केली. श्रीहर्ष परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने अट सैल करून बघायचा प्रयत्न केला असावा, पण बाकीच्यांनी ऐकलं नाही आणि त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. या मोसमात कापणं बंद. सिद्दराजूवर काही नाही. पुढच्या डिसेंबरात परत अर्ज करा.

बायका काहीच बोलल्या नाहीत. तेच वाईट होतं. सिद्दराजूच बोलला, आणि तोही रागाने. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला, अक्का? मी मासे धरून पोट भरलं असतं. आता ह्या अकराजणी काय करणार?"

आम्ही रस्त्यावर येऊन बसची वाट बघत उभे राहिलो. सगळ्याजणी एका बाजूला, अक्का दुसऱ्या बाजूला एकटी. मला तिच्याजवळ जावंसं वाटत होतं आणि धीर होत नव्हता. दहा मिनिटांनी तीच चालत त्यांच्याकडे गेली आणि सुमित्राबाईसमोर उभी राहिली.

"बोल मला," म्हणाली. "जे बोलायचंय ते बोल. अशी गप्प नको राहू, सुमित्रा."

सुमित्राबाईचे डोळे भरलेले होते आणि ओठ घट्ट मिटलेले. समोरून बस येत होती. तिने पिशवी खांद्याला लावली आणि अक्काचा दंड असा धरला की अक्का कळवळली.

"बोलणार की," सुमित्राबाई म्हणाली. "वर्षभर बोलणार आहे तुला. रोज सकाळी तुझ्या दारात येऊन बोलणार आहे. आधी बसमध्ये चढ."